गाडीतला रेडिओ गाडीमुळेच बिघडतो

घरातल्या रेडिओची दुरुस्ती शिकलेला माणूस जुना कार रेडिओ टेबलावर घेतो, तेव्हा तो सवयीने झाकण उघडून थेट सर्किटकडे वळतो आणि अर्धा दिवस तिथेच अडकतो. माझे मत असे आहे की कार रेडिओच्या बाबतीत सुरुवात गाडीपासून करावी. या संचांनी वर्षानुवर्षे हादरे सोसलेले असतात, इंजिनाकडून येणारी उष्णता सोसलेली असते, पावसाळ्यात डॅशबोर्डमागे झिरपणारे पाणी सोसलेले असते. आणि ज्या विजेवर ते चालतात ती नावाला बारा व्होल्टची असली तरी इंजिन चालू असताना चौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत चढते व मधूनमधून त्याहून मोठे झटके देते. बहुतेक बिघाडांची मुळे यांतच सापडतात. मी पुण्यात हौसेने हे काम करतो आणि माझ्याकडे येणारे संच मुख्यतः जुन्या फियाट, पद्मिनी आणि ॲम्बेसेडर गाड्यांतले असतात. मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस संपली, परंतु खाजगी मालकांनी जपलेल्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि इंजिन, रंग, सीट असे सगळे मूळ रूपात आणल्यावर त्या मालकांना डॅशबोर्डमधला रेडिओही मूळचाच, आणि चालू स्थितीतला, हवा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे संच कोणत्या पिढीचा आहे हे ओळखावे. अमेरिकेत १९३० साली मोटोरोला हे नाव घेऊन आलेले आणि जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टने काढलेले आरंभीचे कार रेडिओ व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे होते. व्हॉल्व्हला लागणारा दोनेकशे व्होल्टचा दाब बॅटरीपासून मिळवण्यासाठी त्या काळच्या संचांत पुढे व्हायब्रेटर नावाचा भाग रूढ झाला. तो सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा बॅटरीचा प्रवाह उलटसुलट तोडून ट्रान्सफॉर्मरला देत असे. असा संच हाती आला तर ट्रान्सफॉर्मरवरचा बफर कंडेन्सर (झटके शोषून घेणारा, भार साठवणारा भाग) बदलल्याशिवाय त्याला वीज लावूच नये, कारण तो एक कंडेन्सर गळका असला की व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आज विकत मिळत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बारा व्होल्टवरच चालणारे व्हॉल्व्ह आले, तेव्हा पुढचे टप्पे व्हॉल्व्हचे आणि शेवटी एक मोठा जर्मेनियम ट्रान्झिस्टर अशी मिश्र रचना काही काळ चालली. पूर्ण ट्रान्झिस्टरचा पहिला कार रेडिओ फिल्कोने १९५५ साली क्रायस्लरच्या गाड्यांसाठी आणला. आपल्याकडच्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांत सापडणारे संच बहुतांशी या शेवटच्या प्रकारचे असतात, म्हणून पुढचे सगळे लेखन त्यांनाच धरून आहे.

वीज लावण्याआधी संचाच्या पत्र्याच्या पेटीला बॅटरीचे कोणते टोक जोडायचे आहे हे पक्के करावे. ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, तर फियाटच्या गाड्यांत ऋण टोक बॉडीला असते. काही संचांत बाजूला छोटा प्लग किंवा आत तांब्याची पट्टी असते, जी फिरवून संच दोन्हींपैकी कोणत्याही पद्धतीला जुळवता येतो. संच एका गाडीतून काढून दुसरीत बसवताना ही पट्टी कोणी पाहिलेली नसते. माझ्याकडे साताऱ्याहून आलेल्या एका संचात नेमके हेच झाले होते: गाडीच्या वायरिंगचे काम करणाऱ्याने तो उलट जोडला, फ्यूज उडाला म्हणून फ्यूजच्या जागी तार गुंडाळली, आणि मग आतला मोठा कंडेन्सर फुटला. त्यामुळे कोणत्याही संचाचा फ्यूज मी आधी पाहतो. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी असेल, तर आत काहीतरी जळाले आहे असे गृहीत धरून चालावे.

टेबलावर काम करताना विजेची मर्यादा ठरवता येणारा पॉवर सप्लाय असावा आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यावे. इथे अॅमीटर काय सांगतो ते समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. ज्या संचात शेवटी एकच मोठा ट्रान्झिस्टर आहे, उदाहरणार्थ ओसी २६ किंवा एडी १४९, तो आवाज शून्यावर असतानाही सतत अर्धा ते एक अँपिअर प्रवाह घेतो आणि त्याची ॲल्युमिनियमची फिन हाताला चांगलीच गरम लागते. हा दोष नाही, त्या रचनेचा तो स्वभाव आहे. उलट ज्या संचात शेवटी एसी १८७ आणि एसी १८८ यांसारखी जोडी आहे, तिथे आवाज बंद असताना काही दशांश अँपिअर जात असतील तर काहीतरी नक्की बिघडले आहे. मोठ्या ट्रान्झिस्टरच्या खाली अभ्रकाची पातळ चकती असते. ट्रान्झिस्टरचे धातूचे कवच हेच त्याचे कलेक्टर (त्याच्या तीन टोकांपैकी एक) असल्याने ती चकती तडकली किंवा खाली धातूचा कीस अडकला की कलेक्टर थेट बॉडीला टेकते. अनेकदा ट्रान्झिस्टर पूर्ण ठणठणीत असतो आणि दोष केवळ त्या चकतीचा असतो, म्हणून तो काढून फेकण्याआधी चकतीच्या दोन बाजूंमध्ये मीटर लावून पाहावा. ट्रान्झिस्टरच्या एमिटर या दुसऱ्या टोकाला एक ओहमहून कमी मूल्याचा रोधक असतो; तो फ्यूजचेही काम करतो, त्यामुळे जळाल्यास तितक्याच मूल्याचा घालावा, मोठ्या वॅटचा भरभक्कम रोधक घालून त्याचे हे काम काढून घेऊ नये.

स्पीकरच्या बाबतीत दोन नियम मी कधी मोडत नाही. शेवटच्या टप्प्यात ट्रान्सफॉर्मर किंवा चोक असलेला संच स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, कारण भार नसताना ट्रान्सफॉर्मरवर उठणारे व्होल्टेजचे शिखर जर्मेनियम ट्रान्झिस्टरला सहन होत नाही. दुसरे, स्पीकरची एक तार बॉडीला जोडून काम भागेल असे मानायचे नाही. काही संचांत स्पीकरची दोन्ही टोके बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतात. मालकांनी मागच्या काचेखाली जादा स्पीकर समांतर जोडलेला असणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार दोन ओहमचा होतो, आणि एखादा लांबचा प्रवास आवाज मोठा ठेवून केला की शेवटचा ट्रान्झिस्टर जातो.

एवढे झाल्यावर संचाचे दोन भाग करायचे, आणि ते करण्याची जागा म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. त्याच्या मधल्या टोकावर मोबाईलमधले गाणे शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून अगदी हळू आवाजात सोडावे. गाणे स्पीकरवर स्वच्छ आले तर मागचा भाग ठीक आहे आणि दोष रेडिओच्या पुढच्या टप्प्यांत आहे. आले नाही किंवा फाटून आले, तर पुढच्या भागाकडे बघण्याचे कारणच नाही. या एका चाचणीने जितका वेळ वाचतो तितका कुठल्याही महागड्या उपकरणाने वाचत नाही. पुढच्या भागातला ऑसिलेटर (स्टेशन निवडण्यासाठी संचातच लहर तयार करणारा टप्पा) चालतो की नाही हे पाहण्यासाठीही दुसरा एक चालू ट्रान्झिस्टर रेडिओ पुरतो. बिघडलेल्या संचाचे झाकण काढून त्याचा काटा पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे जुन्या डायलवर सुमारे ३७९ मीटरवर, ठेवावा आणि शेजारी दुसरा रेडिओ १२४७ किलोहर्ट्झच्या आसपास फिरवावा. बिघडलेल्या संचाची मध्यम वारंवारता (प्रत्येक स्टेशन आत ज्या एका ठरलेल्या वारंवारतेवर आणले जाते ती) ४५५ किलोहर्ट्झ असेल आणि ऑसिलेटर जिवंत असेल तर तिथे शीळ किंवा आवाज दबल्याचे स्पष्ट जाणवते, आणि बिघडलेल्या संचाचा काटा हलवला की ती जागाही सरकते. युरोपीय बनावटीच्या संचांत ही मध्यम वारंवारता थोडी वेगळी असू शकते, म्हणून आजूबाजूलाही शोधावे.

कंडेन्सरविषयी थोडक्यात सांगतो, कारण याबाबत बहुतेकांना माहिती असते. पन्नास वर्षे उष्णतेत राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात. विजेच्या मार्गावरचा मोठा कंडेन्सर सुकला की डायनॅमोची कुंई ऐकू येते, टप्प्यांमधला सुकला की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा होतो, आणि टप्प्यांची वीज वेगळी ठेवणारा सुकला की स्पीकरमधून फटफट असा ठोक्याठोक्याने आवाज येतो. ते सगळे बदलावेत, नवे २५ व्होल्टचे घ्यावेत, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते सहज मिळतात. फक्त एक सावधगिरी हवी: जुन्या पीएनपी (म्हणजे आजच्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरच्या उलट दिशेने वीज घेणाऱ्या) ट्रान्झिस्टरच्या अनेक संचांत सर्किटची सामायिक बाजू धन असल्यामुळे कंडेन्सरची दिशा आपल्या आजच्या सवयीच्या उलट असते. म्हणून एक काढावा, त्याच दिशेने एक बसवावा, आणि मगच पुढच्याला हात लावावा.

संच थंड असताना सुरेख वाजतो आणि अर्ध्या तासाने आवाज फाटू लागतो किंवा हळूहळू मरतो, ही तक्रार जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या संचांत फार ऐकू येते. जर्मेनियममधली गळती तापमानाबरोबर वेगाने वाढते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी संच पूर्ण तापू द्यावा आणि मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा एकेका ट्रान्झिस्टरला काही क्षण लावावा. ज्याच्यावर लावताच आवाज सुधारतो तो दोषी. व्होल्टेज मोजताना हेही लक्षात असावे की जर्मेनियमच्या बेस (तिसरे टोक) आणि एमिटरमध्ये शून्य पूर्णांक एक ते शून्य पूर्णांक तीन व्होल्ट इतकाच फरक असतो. सिलिकॉनच्या शून्य पूर्णांक सहाची अपेक्षा धरून चांगले ट्रान्झिस्टर उपटून टाकलेले मी पाहिले आहेत.

आता एका अशा दोषाविषयी, ज्याने माझ्या मते सर्वाधिक कार रेडिओ भंगारात घातले. १९६० च्या दशकातल्या युरोपीय पद्धतीच्या संचांत पुढच्या टप्प्यांना एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेचे ट्रान्झिस्टर असत. उंच, गोल, धातूची डबी आणि खाली तीनऐवजी चार पाय, यावरून ते लगेच ओळखू येतात. चौथा पाय डबीला जोडलेला असतो आणि बोर्डावर तो बॉडीला जातो, जेणेकरून डबी बाहेरच्या लहरी अडवेल. काळ जाईल तसे या डबीच्या आतल्या बाजूने कथिलाचे अतिशय सूक्ष्म केस उगवतात. भिंगाखालीही सहजी न दिसणारे हे केस वाढत वाढत आतल्या एखाद्या तारेला टेकतात आणि ती तार बॉडीला जोडली जाते. संच वापरात असो वा कपाटात बंद असो, हे घडतच राहते. त्यामुळे ‘काकांनी कधी लावलाच नाही, अगदी नवा आहे’ असा संचही मुका निघतो.

याची परीक्षा सोपी आहे. वीज बंद करून चौथ्या पायाचा डाग सोडवावा, तो पाय बोर्डापासून वर उचलावा, आणि मीटरचे एक टोक त्याला व दुसरे बाकीच्या तीन पायांना आळीपाळीने लावावे. मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही ओहमपासून काही हजार ओहमपर्यंत काहीही दाखवले तर आत केस उगवला आहे. एकाच पायाला केस टेकलेला असेल तर चौथा पाय कापून टाकणे हा सर्वात सौम्य उपाय, कारण डबी बॉडीपासून सुटल्यावर त्या केसाने काही बिघडत नाही. दोन पायांना केस टेकलेले असतील तर मात्र डबीमधून ते दोन पाय एकमेकांना जोडलेलेच राहतात. तेव्हा काही जण बाकीचे तीन पाय एकत्र बांधून, ते आणि चौथा पाय यांच्यामध्ये भारलेला कंडेन्सर रिकामा करतात आणि केस जाळून टाकतात. त्याने संच तत्काळ बोलू लागतो, पण केस पुन्हा उगवतात. माझी पसंती ट्रान्झिस्टर बदलण्याला आहे. त्याच घराण्यातले एएफ १२४ ते एएफ १२७ छोट्या डबीचे असतात आणि जुन्या बाजारात मोडक्या बोर्डांवर अजून मिळून जातात. एका जागी दोष सापडला की बाकीचे सगळे एएफ ११७ त्याच बैठकीत तपासावेत.

ट्यूनरचा भाग हा कार रेडिओचा सर्वात देखणा भाग आहे. घरच्या रेडिओत फिरत्या पट्ट्यांचा गँग कंडेन्सर असतो, परंतु गाडीच्या हादऱ्यांनी त्या पट्ट्या थरथरल्या असत्या, म्हणून कार रेडिओत फेराइटचे बारीक गाभे एका सरकत्या घोडीवर बसवून कॉइलच्या आत-बाहेर करतात. बटण दाबले की घोडी ठरलेल्या जागी नेमकी जाऊन थांबते, इतके अचूक यंत्रकाम त्या छोट्या पेटीत केलेले असते. पन्नास वर्षांत ग्रीस सुकून मेणासारखे होते आणि घोडी अडते. जोर लावला तर गाभा तुटतो, आणि तो पुन्हा मिळत नाही. ब्रशने स्पिरिट लावून जुने ग्रीस सावकाश सोडवावे, सरकत्या दांड्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसटसा हात द्यावा, पण क्लचच्या चकत्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नये, नाहीतर बटण दाबल्यावर काटा घसरू लागतो. गाभ्यांचे स्क्रू रंगाने बंद केलेले असतात. ते कारखान्यात जुळवलेले आहेत, आणि स्टेशने डायलवरच्या आपल्या जागी येत असतील तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

एरियल आणि तिची केबल ही गाडीला चिकटलेली असली तरी ती रेडिओच्या पहिल्या ट्यून केलेल्या टप्प्याचाच भाग आहे. केबलची धारकता (कंडेन्सरसारखा भार साठवण्याचा गुण) त्या टप्प्यात धरलेली असते. मूळ केबल खराब झाली म्हणून टीव्हीची केबल घालणाऱ्यांना पुढे दूरची स्टेशने का लागत नाहीत याचा उलगडा होत नाही. त्या केबलची दर मीटरची धारकता कार रेडिओच्या केबलपेक्षा बरीच जास्त असते. एरियलच्या मुळाशी पाणी साचून गंज चढलेला असतो, म्हणून केबलच्या मधल्या तारेपासून बाहेरच्या जाळीपर्यंत मीटर लावावा. तिथे काहीही दाखवले तर बुडखा खोलून कोरडा करावा. जाळी मात्र बॉडीला पक्की जोडलेली हवी. मग संच गाडीत बसवून, एरियल पूर्ण बाहेर काढून, १४०० किलोहर्ट्झच्या जवळ, म्हणजे २१४ मीटरच्या आसपास, एखादे कमजोर स्टेशन किंवा नुसती खरखर धरावी आणि एरियलच्या भोकाजवळचा ट्रिमर स्क्रू फिरवून आवाज सर्वात मोठा करावा. हे काम टेबलावर तारेचा तुकडा लावून होत नाही. ते त्याच गाडीत, त्याच एरियलवर करावे लागते. आणि घराजवळ करू नये, कारण एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर मिडियम वेव्हवर इतका गोंगाट करतात की खरे स्टेशन कोणते हेच कळत नाही. मी त्यासाठी गाडी मालकांसह सिंहगडाच्या दिशेने मोकळ्यावर नेतो.

इंजिन सुरू केल्यावर येणारा आवाज हा शेवटचा टप्पा. आधी एरियलचा प्लग काढून पाहावे: आवाज तसाच राहिला तर तो विजेच्या तारेतून येतो आहे, गेला तर एरियलमधून. मग गाडी उभी असतानाच इंजिनाचा वेग वाढवून किल्ली बंद करावी, मात्र त्यासाठी रेडिओची तार तात्पुरती थेट बॅटरीला जोडलेली असावी. किल्ली बंद करताच थांबणारी टकटक प्लग आणि डिस्ट्रिब्युटरची असते. इंजिन मंदावताना तिच्याबरोबर खाली उतरत जाणारी कुंई डायनॅमोची किंवा आल्टरनेटरची. टकटकीसाठी डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या तारेत सप्रेसर रोधक आणि इग्निशन कॉइलच्या किल्लीकडच्या टोकाला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा, पॉइंटकडच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काकडच्या) टोकाला मात्र नाही. डायनॅमोचा कंडेन्सर डी या (वीज बाहेर देणाऱ्या) टोकाला लावावा, एफ या (फील्डच्या) टोकाला कदापि लावू नये, कारण त्याने रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. बॉनेट आणि इंजिन यांना बॉडीशी जोडणारी वेणीची तार तुटलेली असेल तर वरचे सगळे करूनही आवाज जात नाही. ती तार काही रुपयांत मिळते.

हल्ली पुष्कळ मालक विचारतात, ‘दादा, आतला जुना बोर्ड काढून ब्लूटूथचा बसवून द्याल का?’ मी ते करत नाही, आणि का करत नाही ते त्यांना समजावून सांगतो. तो बोर्ड एकदा कचऱ्यात गेला की त्याची कॉइल, त्याचा ट्यूनर, त्याचा शेवटचा ट्रान्सफॉर्मर यांपैकी काहीही पुन्हा मिळणार नाही, आणि उरलेली पेटी ही केवळ चेहरा असते. मोबाईलचे गाणे ऐकायचे असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला कंडेन्सरमधून एक जादा तार आणि एक छोटा स्विच देता येतो, तोही मूळ बोर्डावर एकही भोक न पाडता. धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत मात्र मोबाईल त्याच गाडीच्या चार्जरला लावून ही जोडणी वापरू नये, कारण तेव्हा चार्जर आणि रेडिओ यांचे अर्थिंग एकमेकांविरुद्ध येते आणि शॉर्ट होतो. तिथे मोबाईल त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ठेवावा किंवा मध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा.

काम संपल्यावर मी झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो. त्यावर बॉडीला बॅटरीचे कोणते टोक आहे, फ्यूज किती अँपिअरचा, स्पीकर किती ओहमचा, मध्यम वारंवारता किती आणि कोणते भाग कोणत्या साली बदलले हे लिहिलेले असते, कारण पुढचा दुरुस्ती करणारा मीच असेन असे नाही आणि त्याला सर्किटचा नकाशा मिळेलच असेही नाही.